पंधरवड्याचे तीस तास

तंजावूर, १२ मे २०२५

चि. हरिता हिला कृष्णवेणी आत्याचे आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज म्हणून गेलीस, "आत्ताच कॉलेजातून आले." फोन स्पीकरवर होता, कारण तुझ्या अप्पाचा उजवा कान आता शोभेपुरताच उरला आहे. त्याने लगेच विचारले, "छत्तीस वर्षांची बाई, एक मूल, घरी नवरा. ही कॉलेजात काय करते?" मी म्हटले, "शिकवते." खोटे बोलायला मला कधीच फार वेळ लागत नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी इतके नियम केले होते की त्याशिवाय निभावच नव्हता. रघुराम खूश झाला. आज सकाळी देवळात चार जणांना सांगून आला की मुलगी अ‍ॅडलेडला प्रोफेसर आहे.

आता मला खरे सांग. फोनवर नको. एका पानावर लिही आणि फोटो काढून पाठव, नेहमीप्रमाणे. राजवाड्याच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी तो मोठ्या अक्षरात छापून आणते. त्या दुकानातला एकही माणूस देवनागरी वाचू शकत नाही. आपल्या घरातही माझ्याशिवाय कोणी नाही. रघुराम मराठी बोलतो, मराठीत भांडतो, पण त्याला शाळेत तमिळ आणि इंग्रजीच होते. मला हिंदीच्या तासाने ही लिपी दिली आणि मी ती दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तुला दिली, तेव्हा हाच म्हणायचा, "अक्का, हिचा उपयोग काय?" उपयोग हाच, की आपल्या गल्लीत मी एखादी गोष्ट उघड्यावर टांगली तरी ती गुपितच राहील.

तेव्हा मोकळेपणी लिही.

कृष्णवेणी


अ‍ॅडलेड, २० मे २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. तू विचारलेस म्हणून लिहिते. हे अप्पांना वाचून दाखवू नकोस.

प्रवीणकुमार गेल्या वर्षी मार्चमध्ये घर सोडून गेला. सिडनीला आहे, तिथे एकीबरोबर राहतो. भांडण झाले नाही. त्याने भांडी आणि जननी माझ्याकडे ठेवली, गाडी नेली. आम्ही कायद्याने वेगळे झालो आहोत. मी फोनवर "तो ऑफिसात आहे" म्हणते तेव्हा तू मला कधी पुढे काही विचारले नाहीस, त्यामुळे मला वाटायचे तुला कळले असेल.

मी सरकारी भत्त्यावर जगते. एकट्या पालकांना मिळतो तो. मूल लहान आहे तोवर कोणी फार विचारत नाही. पण धाकटे मूल सहा वर्षांचे झाले की नियम बदलतो, आणि जननी एप्रिलमध्ये सहाची झाली. आता मला दर पंधरवड्याला तीस तास काम दाखवावे लागते, नाहीतर भत्ता बंद. तंजावूरची माझी एम.एस्सी. इथे कोणी विचारात घेत नाही. पण एक वाट आहे. शिक्षण त्यांच्या यादीतले असेल आणि कॉलेज तासांचा कागद देत असेल, तर ते तास कामाचे धरतात. म्हणून मी फेब्रुवारीपासून नर्सिंगचा डिप्लोमा करते आहे. दीड वर्षाचा. तो झाला की नोकरी नक्की, इथे नर्स मिळत नाहीत. शिकवत नाही, आत्या. शिकते. पहिल्या बाकावर बसते आणि माझ्याशेजारी बसणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे.

अप्पांना एवढ्यात सांगू नकोस. डिप्लोमा हातात आला की मीच सांगेन. तेव्हा एकच वाईट बातमी असेल, आणि तिच्यासोबत एक चांगली.

हरिता


तंजावूर, २९ मे २०२५

चि. हरिता,

पत्र तीनदा वाचले. प्रवीणकुमारबद्दल मला जे वाटते ते लिहायला कागद चांगल्या प्रतीचा लागेल, म्हणून सोडून देते. एवढेच सांगते की लग्नात त्याने पंक्तीत तीनदा पायसम मागून घेतले होते आणि वाढणाऱ्याकडे एकदाही मान वर करून पाहिले नव्हते. तुझी आई तेव्हा होती, तिला मी तेव्हाच बोलले होते. ती म्हणाली, "वन्सं, तुम्हाला कोण आवडतं?"

रघुराम समोर बसलाच होता. मी त्याला तुझे पत्र वाचून दाखवले ते असे: जननी सहा वर्षांची झाली, तिकडे थंडी सुरू झाली, प्रवीणकुमार कामात गढलेला आहे, तू कॉलेजात मन लावून शिकवतेस. तो म्हणाला, "पान तर दोन्ही बाजूंनी भरलंय." मी म्हटले, "तिचं अक्षर मोठं आहे." हे काही आजचे नाही. तुझे एकही पत्र मी त्याला आजवर जसेच्या तसे वाचून दाखवलेले नाही. पहिल्या वर्षी तुला रोज रडू यायचे, तेही मी गाळले होते. माणूस जेवत असताना त्याच्या ताटातले खडे आपण वेचतो, तसे.

आता तुझ्या त्या भत्त्याच्या ऑफिसविषयी. तेहतीस वर्षे मी कॉलेजच्या कार्यालयात घालवली, शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. हजेरीचे दाखले मी हजारोंनी दिले आहेत. तरी मला हे कळत नाही. बाई पहाटे उठते, डबा भरते, मुलीला शाळेत पोचवते, आणते, अंघोळ घालते, ताप आला तर उशाशी बसते. या सगळ्याचे तास शून्य? आणि तीच बाई दुसऱ्याच्या मुलीचे हेच सगळे करील तर तास पूर्ण? हे गणित कोणी मांडले, आणि त्याला डबा कोण भरून देते?

आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सुंदरीला सरकार दरमहा हजार रुपये देते. थेट खात्यात. तिला कोणी विचारत नाही की बाई, तू पंधरवड्याला किती तास राबलीस. विचारले तर ती विचारणाऱ्याला किसणी फेकून मारील.

तुझ्या शिकण्याला माझी हरकत नाही. पण तू शिकावेस ते शिकायचे म्हणून. कोणाच्या रकान्यात तास भरायला नव्हे.

कृष्णवेणी


अ‍ॅडलेड, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिले नाही. परीक्षा होती. शरीररचनेत मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. ही ओळ अप्पांना वाचून दाखवायची तर "तिच्या वर्गाला" असे म्हण.

आता रडगाणे. जुलैच्या शेवटी जननीला ताप आला, एकशे तीन. त्याच सकाळी माझी केस बघणाऱ्या बाईंशी भेट ठरली होती. मी फोन केला, कोणी उचलला नाही, निरोप ठेवला. निरोप कोणाला मिळाला नाही म्हणे. गैरहजेरी लागली. शिवाय या सत्राच्या तासांचा कागद कॉलेजने उशिरा दिला, त्यामुळे दोन पंधरवडे माझे शिकणे शिकणेच नव्हते असे धरले गेले. त्या बाई म्हणतात, एवढ्या कटकटीपेक्षा कोर्स सोडा, गोदामात खोकी लावायचे काम आहे, तास लगेच पूर्ण होतील. त्या वाईट नाहीत. त्यांच्या हाताखाली माझ्यासारख्या शंभर जणी आहेत आणि त्यांनाही कोणीतरी तास विचारत असणार.

आलेल्या नोटिशीचा फोटो सोबत पाठवते, कसल्या भाषेत लिहितात ते तुला दिसावे म्हणून. तुला इंग्रजीच्या चुका काढायला आवडतात. तिसऱ्या ओळीत एक आहे.

काही करू नकोस. मी कॉलेजकडून कागद आणला आहे, गोष्ट मार्गी लागेल. फक्त कोणाला तरी सांगायचे होते.

हरिता


तंजावूर, २४ ऑगस्ट २०२५

चि. हरिता,

चुका एक नव्हे, चार आहेत.

नोटिशीच्या तळाशी त्या बाईंचा ईमेल होता. मी परवा बसून त्यांना पत्र लिहिले. दोन पाने, एकही खाडाखोड नाही. झेरॉक्सवाल्याने टाइप करून पाठवले. प्रत्येक स्वल्पविराम मी त्याच्या शेजारी उभे राहून घालून घेतला.

मी आधी त्यांची व्याकरणाची शिकवणी घेतली. मग माणुसकीची. आजारी मुलाजवळ बसलेल्या आईला गैरहजर म्हणणे हे कोणत्या शब्दकोशात बसते, असे विचारले. आणि शेवटी त्यांना हे सांगितले की ही मुलगी कोण आहे. त्यांना वाटत असेल, कुठून तरी आलेली, कोणी नसलेली बाई. म्हणून लिहिले, की आमचे घराणे दोनशे वर्षांहून अधिक काळ या गावात आहे. की तिरुवैयारुला कावेरीच्या काठी सहा एकर भातशेती हरिताच्या मालकीची आहे. की तिचा नवरा चांगल्या पगाराचा इंजिनियर आहे आणि कुटुंब तिच्या पाठीशी भक्कम उभे आहे. की ती त्यांच्या दारात गरजेपोटी आलेली नाही, विद्येपोटी आली आहे, आणि तिच्याशी त्याच आदराने वागावे.

नवऱ्याचे मी मुद्दामच लिहिले. टाकलेली बाई म्हटली की लोक आवाज कसा बदलतात ते मला ठाऊक आहे. आणि शेतीचे तर खोटेही नाही. तुझ्या लग्नात भर मांडवात रघुरामने सगळ्यांदेखत सांगितले होते, "ही जमीन हरिताची." पाचशे माणसांनी ऐकले.

आता बघ कशा सरळ होतात.

कृष्णवेणी


अ‍ॅडलेड, ९ सप्टेंबर २०२५

आत्या,

भत्ता थांबला आहे. पूर्ण.

मी तुला म्हटले होते, काही करू नकोस. त्याच कागदावर लिहिले होते. तू स्वतःशीही माझी पत्रे गाळूनच वाचतेस का?

हा भत्ता ज्यांना नवरा नाही आणि मालमत्ता नाही त्यांनाच मिळतो. माझ्याच सख्ख्या आत्याने लेखी कळवले आहे की मला दोन्ही आहे. त्या बाईंनी ते पत्र पुढे पाठवले. पाठवणे त्यांना भागच होते. आता माझी चौकशी आहे: नवरा असताना एकटी असल्याचे सांगितले का, परदेशातली जमीन लपवली का. समोरच्या माणसाने मला तुझे पत्र वाचून दाखवले. फार सुंदर इंग्रजी आहे, असे तो म्हणाला.

मांडवात सांगितलेली जमीन ही जमीन नसते, आत्या. हे तिकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, कारण तिकडे ती कोणी मागत नाही. इथे मला कागद लागतात. एक, तुझे प्रतिज्ञापत्र, की तू लिहिलेले चुकीचे होते. दोन, अप्पांचे प्रतिज्ञापत्र, की जमीन त्यांच्या नावावर आहे, माझ्या नावावर कधीच नव्हती, आणि मला तिचे काही मिळत नाही. दोन्ही नोटरीसमोर. बावीस तारखेच्या आत. प्रवीणकुमार वेगळा राहतो याचे कागद माझ्याकडे आहेत.

सहा ऑक्टोबरपासून माझी हॉस्पिटलातली प्रात्यक्षिके आहेत. तोवर हे सुटले नाही तर भाडे भरायला मला कोर्स सोडून गोदामात जावे लागेल, आणि एकदा सोडला की पुन्हा पहिल्यापासून. आठ महिने वाया.

अप्पांना सांगावेच लागेल. मी फोनवर सांगू शकत नाही, स्पीकरवर तर नाहीच. तू सांग. आणि या वेळी काही गाळू नकोस.

हरिता


तंजावूर, १५ सप्टेंबर २०२५

चि. हरिता,

कागद आज सकाळी कुरियरने गेले. फोटोही तुला आणि त्या ऑफिसला पाठवले आहेत. आधी हे सांगते, बाकीचे मग वाच.

तुझे पत्र मिळाले त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दोनदा कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसले आणि दोन्ही वेळा केळीच्या भावाबद्दल बोलून उठले. तिसऱ्या दिवशी म्हटले, "रघू, नोटरीकडे जायचंय. तुझी सही लागते." तो म्हणाला, "कशावर?" मी म्हटले, "जमीन हरिताची नाही, यावर." त्याला वाटले मी तुझ्यावर रागावले आहे आणि तुला काही मिळू नये म्हणून ही खटपट आहे. तो उठला, अंगात शर्ट घातला आणि म्हणाला, "अक्का, मी आजच तिच्या नावावर करून देतो. तूच चल रजिस्ट्रारकडे."

हरिता, तो खरोखर निघाला होता. त्याने ते केले असते तर तुझे काय झाले असते ते मला त्या क्षणी कळले. मी दारात आडवी उभी राहिले आणि सगळे सांगितले. प्रवीणकुमारचे, भत्त्याचे, तीस तासांचे, माझ्या पत्राचे.

त्याने अंगातला शर्ट काढून खुंटीला लावला. मग म्हणाला, "म्हणजे ती शिकवत नाही."

"शिकते."

"देवळात मी सगळ्यांना प्रोफेसर सांगितलं."

"ते माझं खोटं. तुझं नव्हे."

मग तो आत गेला आणि तुझ्या पत्रांचा डबा घेऊन आला. बिस्किटांचा, निळा. अकरा वर्षांची पत्रे. म्हणाला, "वाच. सगळी. जशी आहेत तशी." मी म्हटले, रघू, झाले गेले. तो म्हणाला, "वाच."

मी वाचली. सुंदरी येऊन स्वयंपाक करून गेली, ताटे झाकून ठेवली, आम्ही उठलो नाही. पहिल्या वर्षीचे तुझे रडणे वाचले. जननीच्या वेळी तुला तीन आठवडे दवाखान्यात ठेवले होते, तेही. मधेच एका पत्रात तू लिहिले होतेस, "अप्पांना विचार, मी परत आले तर चालेल का." त्याने माझ्या हातातून कागद घेतला, उलटा धरला, सुलटा केला, आणि बोट ठेवून विचारले, "यात 'अप्पा' कुठे लिहिलंय?" मी दाखवले.

"हे तिनं मला विचारलं होतं," तो म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी. आणि मी उत्तर दिलं नाही."

मला वाटले होते, मी त्याच्या ताटातले खडे वेचते आहे. मी त्याचे जेवणच उचलून नेत होते.

नोटरी म्हणजे अनिरुद्धराव, गल्लीतलाच, रघुरामचा पत्त्यांचा भिडू. इंग्रजी प्रतिज्ञापत्र त्याने नियमाप्रमाणे तमिळमध्ये सांगत मोठ्याने वाचले. बाहेर बाकावर चौघे बसले होते. "माझी मुलगी पतीपासून विभक्त असून शासकीय भत्त्यावर अवलंबून आहे." तमिळमध्ये ते जास्तच ऐकू येते. अनिरुद्धराव मधेच थांबून हळू आवाजात म्हणाला, "राव, हे वाक्य नुसतं मनात वाचू का?" तुझा अप्पा म्हणाला, "मोठ्यानं वाच. माझा कान गेलाय." आणि सही केली. पूर्ण नाव, एकेक अक्षर.

माझ्या प्रतिज्ञापत्रात मी इंग्रजीत लिहिले, की माझे पत्र खोटे होते आणि मी ते प्रतिष्ठेपायी लिहिले. एकाहत्तर वर्षांत या भाषेत मी असे वाक्य कधी लिहिले नव्हते. व्याकरण बरोबर आहे.

रघुराम चार दिवस माझ्याशी बोललेला नाही. तो नाही बोलला तरी मी बोलतेच, त्यामुळे घरात फार फरक पडलेला नाही. पण डबा त्याच्या खोलीत नेला आहे.

तुझ्या पत्रातले ते वाक्य, मी स्वतःशीही तुझी पत्रे गाळून वाचते का, ते. हो. वाचले होते, आणि गाळले होते. माझे चुकले.

कृष्णवेणी


अ‍ॅडलेड, ४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या आणि अप्पा,

भत्ता परवा सुरू झाला. मागचाही देणार आहेत. चौकशी बंद. कॉलेजचा कागद त्यांनी स्वीकारला, प्रात्यक्षिकांचे तासही धरणार. सोमवारी सकाळी सात वाजता मी हॉस्पिटलात असेन, निळ्या गणवेशात. केस बघणाऱ्या बाईंनी फोन केला. म्हणाल्या, तुमच्या आत्यांना सांगा, नोटिशीतल्या चार चुका दुरुस्त करायला वर पाठवल्या आहेत. त्या हसत नव्हत्या.

आत्या, मी अजून रागावलेली आहे. थोडा राग उरला आहे, संपला की कळवीन. ती देवनागरी तू शिकवली नसतीस तर ही अकरा वर्षे मी कोणाशी बोलले असते, हेही मला माहीत आहे.

अप्पा, तुम्ही त्या बाकावरच्या लोकांसमोर सही केलीत. आत्या, हे जसेच्या तसे वाचून दाखव.

हरिता


तंजावूर, २८ डिसेंबर २०२५

चि. हरिता,

हे अप्पा लिहितो आहे. मी स्वतः.

तुझे ऑक्टोबरचे पत्र मी अक्काकडून वाचून घेतले नाही. ती फार चिडली. मी म्हटले, मला शिकव, मग मी वाचतो. ती म्हणाली, सदुसष्टाव्या वर्षी? मी म्हटले, माझी मुलगी छत्तिसाव्या वर्षी पहिल्या बाकावर बसते.

अक्का वाईट शिकवते. हातावर पट्टी मारते. तू लहानपणी कशी सहन केलीस? जोडाक्षरे मला अजून अडतात. हे पत्र लिहायला चार दिवस लागले. ती चुका काढते आहे. मी तिला काही वाक्ये बघू दिलेली नाहीत.

ऑक्टोबरचे पत्र आता पूर्ण वाचले. एकट्याने. मग डब्यातले ते जुने पत्र काढले. तू विचारले होतेस, परत आले तर चालेल का. उत्तर उशिरा देतो. चालेल. तेव्हाही चालले असते. पण आता येऊ नको. आधी कोर्स पुरा कर. देवळात मी सगळ्यांना खरे सांगितले. तिथला मुरलीकृष्ण म्हणाला, नर्स झाली की तिला माझ्या गुडघ्याचे विचार.

यापुढे पत्र मला लिही. रडू येत असेल तर तेही लिही. अक्षर मोठे काढ.

मी रोज दोन तास शिकतो. रविवारीही. पंधरवड्याचे तीस होतात. तुझ्या ऑफिसला सांग.

अप्पा